चिठ्ठी, सभा आणि संमती : पालघर-तारापूर परिसरातील ख्रिस्ती मंडळ्यांनी घेतलेला ईश्वरी मार्गदर्शनाचा शोध

कोणाला पाळक म्हणून निवडावे, कोणत्या गावी काम सुरू करावे, दुसऱ्या पंथाशी एक व्हावे की वेगळे राहावे, अशा प्रश्नांचे उत्तर शेवटी देवाकडून यावयाचे असते, ही ख्रिस्ती धर्माची पहिल्या शतकापासूनची धारणा आहे. मात्र ते उत्तर कोणत्या वाटेने येते आणि ते ओळखण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी चर्चच्या शाखांनी निरनिराळ्या व्यवस्था उभ्या केल्या. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातच त्यांचे दोन नमुने आढळतात. यहूदा इस्कार्योत याच्या जागी बारावा प्रेषित नेमताना शिष्यांनी प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाची निवड झाली. पुढे यहूदीतर विश्वासणाऱ्यांनी सुंता करून घ्यावी की नाही असा वाद उद्भवला, तेव्हा प्रेषित व वडील (म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ पुढारी) यरुशलेमेत एकत्र बसले, त्यांनी एकमेकांच्या साक्षी ऐकल्या, शास्त्र तपासले आणि आपला निर्णय पवित्र आत्म्याचा व आपला असा दोघांच्या नावे इतर मंडळ्यांना कळवला. चिठ्ठीत मनुष्य आपला हात काढून घेतो, तर सभेत तो आपली बुद्धी, वाद आणि संमती देवापुढे ठेवतो. पालघर, डहाणू, बोईसर आणि तारापूर या किनारपट्टीवरील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात या दोन्ही वाटा दिसतात, आणि त्यांच्या जोडीला तिसरीही दिसते, ती म्हणजे दूरच्या अधिकाऱ्याने ठरवावे आणि स्थानिकांनी ते देवाची इच्छा म्हणून स्वीकारावे. या प्रदेशात प्रश्न विचारण्याचा अधिकार हळूहळू बाहेरून मंडळीच्या हाती आला. मंडळीची संमतीच जेव्हा दुभंगली, तेव्हा या शोधाची खरी कसोटी लागली.

आरंभीच्या काळातील लिखित पुरावा चौदाव्या शतकातला आहे. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डेनस हा डॉमिनिकन धर्मगुरू वाचला आणि त्याने त्यांचे अवशेष सोपारा येथे, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, नेऊन पुरले. त्याच वर्षी आपल्या बंधूंना लिहिलेल्या पत्रात त्याने धर्मकार्यास योग्य अशी तीन ठिकाणे सुचवली असून त्यांत सोपाऱ्याचा समावेश आहे. कोठे जावे याचा निर्णय घेणारा तो त्या वेळी एकटाच होता, आणि त्याच्या पत्रांतून प्रकट होणारी सोबत्यांची ओढ एकाकी मनुष्याची आहे. त्याच्या मागे येथे नांदती मंडळी उरली नाही.

सोळाव्या शतकात चित्र पालटले. गुजरातच्या बहादूरशाहाने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिल्यावर केळवे-माहीम, तारापूर, डहाणू आणि अशेरी ही ठाणी वसईच्या अंमलाखाली आली. या मुलखातील धर्मव्यवस्था ‘पाद्रोआदो’ या नावाने ओळखली जाते. पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेला हा आश्रयाधिकार होता, ज्यानुसार बिशपांच्या नेमणुका सुचवणे, चर्च बांधणे आणि धर्मगुरूंच्या निर्वाहाची तरतूद करणे या गोष्टी राजाकडे होत्या. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतीय धर्मपरिषदेने या किनाऱ्यावरील ख्रिस्ती लोकांच्या चालीरीतींविषयी नियम केले, परंतु ज्यांच्या जीवनाविषयी ते नियम होते ते कोळी, भंडारी किंवा आगरी विश्वासणारे त्या परिषदेत बसले नव्हते. त्यांच्यासाठी ईश्वरी मार्गदर्शन हे वरून खाली येणारे वचन होते.

त्याच काळात, त्याच वसईत, आणखी एका वाटेची चाहूल लागते. १५४४ च्या अखेरीस फ्रान्सिस झेवियर गव्हर्नराला भेटण्यासाठी वसईस आला होता. जाफन्याच्या राजाविरुद्ध मोहीम काढावी ही त्याची विनंती गव्हर्नराने मान्य केली, पण ती मोहीम पुढे बारगळली. त्यानंतर १५४५ च्या वसंतात झेवियर मद्रासजवळील सान तोमे येथे संत थोमाच्या समाधीपाशी राहिला आणि पूर्वेकडील बेटांवर जावे की नाही याविषयी देवाची इच्छा कळावी म्हणून प्रार्थना करीत राहिला. मनाला स्थिर आनंद व धीर लाभतो आहे याची खात्री झाल्यावर तो मलाक्क्याकडे निघाला. ही येशूसंघाची, म्हणजे जेझुइटांची, पद्धत होय. मनात उठणाऱ्या प्रेरणांपैकी कोणती देवाकडून आहे आणि कोणती स्वतःच्या भयातून वा लोभातून आली आहे याची शांतपणे पारख करण्याची ती शिस्त आहे, आणि १५३९ मध्ये रोममध्ये झेवियरच्या सोबत्यांनी आपला संघ स्थापावा की नाही हा प्रश्न सामूहिकरीत्या याच शिस्तीने सोडवला होता. राजाने ठरवलेल्या धर्मव्यवस्थेच्या पोटात ही आत्मिक पारख जिवंत होती, परंतु ती संन्याशांपुरती राहिली. गावच्या मंडळीपर्यंत पोचण्यास तिला चारशे वर्षांहून अधिक काळ लागला.

१७३९ च्या जानेवारीत मराठा सेनानी चिमाजी आप्पाच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला. मे महिन्यात वसईने शरणागती पत्करली. शरणागतीच्या अटींत काही चर्चे ख्रिस्ती लोकांकडे राहतील असे कलम होते. युरोपीय धर्मगुरू निघून गेल्यावर वसईच्या गावांतील धर्मकार्य मुख्यतः गोवेकर धर्मगुरूंनी सांभाळले. उत्तरेकडे तारापूर आणि डहाणूच्या बाजूस मात्र पोर्तुगीज सत्तेसोबत उभी राहिलेली चर्चे टिकली नाहीत. एकोणिसाव्या शतकात वसईच्या ख्रिस्ती समाजावर पाद्रोआदो आणि रोमच्या प्रोपागांडा या धर्मप्रसार-मंडळाची दुहेरी सत्ता आली, आणि आपला खरा मेंढपाळ कोण हा प्रश्न गावोगावच्या ख्रिस्ती कुटुंबांपुढे प्रथमच स्वतःचा प्रश्न म्हणून उभा राहिला. १८८६ मध्ये दमणचा धर्मप्रांत स्थापून आणि १९२८ मध्ये तो गोव्याला जोडून रोम व लिस्बन यांनी त्याचे उत्तर दिले. या दीर्घ वादाने गावकऱ्यांत जी धार्मिक जागृती घडवली तिची नोंद त्या करारांत नाही.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागाला, म्हणजे या किनारपट्टीला, मंडळीच्या सभेतून मार्ग शोधण्याची पद्धत मिळाली ती एका अगदी वेगळ्या, संख्येने लहान पंथाकडून. १७०८ मध्ये जर्मनीतील श्वार्त्सेनाऊ या गावी, एडर नदीच्या पात्रात, पाच पुरुष व तीन स्त्रिया अशा आठ जणांनी प्रौढपणी बाप्तिस्मा घेतला; राज्यसंस्थेने मान्य केलेल्या चर्चबाहेर असा बाप्तिस्मा घेणे हा तेथे गुन्हा होता. अलेक्झांडर मॅक हा त्यांचा पुढारी होता, परंतु त्याला बाप्तिस्मा कोणी द्यावा हे त्यांनी चिठ्ठी टाकून ठरवले आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली त्याचे नाव कधीही उघड न करण्याचे वचन एकमेकांना दिले, जेणेकरून पुढच्या पिढ्यांनी त्याला संस्थापक म्हणून मिरवू नये. ते नाव आजतागायत कोणालाही माहीत नाही. चर्चच्या इतिहासात चिठ्ठीचा इतका निरहंकारी उपयोग विरळा आहे, कारण येथे देवाकडे केवळ निवड सोपवली नव्हती, निवडलेल्या माणसाचा मानही सोपवला होता.

१७१९ नंतर हे लोक पेन्सिल्व्हेनियात स्थलांतरित झाले आणि तेथे चिठ्ठीची जागा सभेने घेतली. नव्या कराराखेरीज दुसरा कोणताही लिखित विश्वासनामा न मानणाऱ्या या मंडळ्यांनी १७४२ च्या सुमारापासून वार्षिक सभा भरवण्यास आरंभ केला, आणि ती पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा शिष्यांवर उतरला त्या दिवसाच्या स्मरणोत्सवाच्या, सुमारास भरत असे. एखाद्या गावच्या मंडळीला जो प्रश्न सुटत नसे तो लेखी प्रश्नरूपाने जिल्हासभेकडे आणि तेथून वार्षिक सभेकडे जाई. तेथे तो वाचला जाई, त्याला लागू पडणारी शास्त्रवचने पाहिली जात, आणि सर्वांची संमती होईपर्यंत चर्चा चाले. घाईने केलेल्या मतदानापेक्षा लांबलेली चर्चा अधिक विश्वासार्ह, ही त्यामागची श्रद्धा होती. अर्थात ही पद्धत सुखाची नव्हती. १८८१ ते १८८३ या वर्षांत रविवारची शाळा, पगारी पाळक आणि परदेशी मिशन यांसारख्या प्रश्नांवर संमती न झाल्यामुळे हा पंथ तीन गटांत फुटला, आणि भारतात मिशन पाठवण्याचा निर्णय त्या फुटीनंतर अवघ्या काही वर्षांनी, १८९४ मध्ये, मधल्या गटाच्या वार्षिक सभेने घेतला. विल्बर स्टोव्हर, त्यांच्या पत्नी मेरी एमर्ट स्टोव्हर आणि बर्था रायन हे तिघे त्याच वर्षी मुंबईस उतरले आणि पुढील वर्षी त्यांनी वलसाड येथे ठाणे केले. १९०८ मध्ये या पंथाने ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ हे नाव धारण केले.

वलसाडच का, या प्रश्नाला एक व्यावहारिक उत्तर आहे. त्या काळी प्रोटेस्टंट मिशनांत परस्परांच्या क्षेत्रात न शिरण्याचा संकेत पाळला जाई. सुरत व काठेवाडात आयरिश प्रेस्बिटेरियन मिशन आणि अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशन काम करीत होते, तर वलसाडपासून डहाणूपर्यंतचा मुलूख तुलनेने मोकळा होता. १८६४ मध्ये मुंबई-सुरत रेल्वे पूर्ण झाल्यामुळे पालघर, बोईसर आणि डहाणू ही स्थानके वलसाडला थेट जोडली गेली होती. अशा तडजोडींत आणि वेळापत्रकांत देवाचा हात पाहणे ही मिशनरी पिढीची सहज वृत्ती होती. त्यांच्या दृष्टीने दार उघडे असणे हेही एक प्रकारचे उत्तर होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत ॲडम व ॲलिस एबी हे दांपत्य डहाणूस गेले, पुढे वाडा आणि पालघर ही ठाणी झाली, डहाणूस मिशनचे रुग्णालय उभे राहिले आणि डॉ. बार्बरा निकी यांनी तेथे दीर्घकाळ सेवा केली. भाषेच्या आधारे या मंडळ्यांचे दोन जिल्हे झाले, गुजराती भाषकांचा पहिला आणि मराठी भाषकांचा दुसरा. येथे ‘जिल्हा’ म्हणजे सरकारी विभाग नसून एका जिल्हासभेच्या कक्षेतील मंडळ्यांचा समूह होय.

ब्रेदरन मंडळीचे मार्गदर्शन शोधण्याचे साधन मुख्यतः तीन विधींत होते, आणि ते समजून घेतल्याशिवाय या परंपरेचे मर्म कळत नाही. पहिले साधन म्हणजे सेवकांची घरभेट. ‘सेवक’ हा मंडळीतील एक पदाधिकारी असतो, जो गोरगरिबांची काळजी घेतो आणि मंडळीतील सलोखा राखतो. जुन्या परिपाठानुसार प्रीतिभोजनापूर्वी सेवक प्रत्येक सभासदाच्या घरी जात आणि तीन गोष्टी विचारीत : बाप्तिस्म्याच्या वेळी पत्करलेला विश्वास अजून कायम आहे काय, मंडळीशी व बंधुभगिनींशी शांती आहे काय, आणि पावित्र्याच्या वाढीसाठी झटण्याची तयारी आहे काय. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे आधी त्या दोघांना समोरासमोर आणले जाई. घराघरांतून आलेली ही उत्तरे मंडळीच्या सभेपुढे ठेवली जात. म्हणजे देवाला काही विचारण्यापूर्वी मंडळी स्वतःला विचारून घेत असे.

दुसरे साधन प्रीतिभोजन. संध्याकाळी सर्व सभासद एकत्र जमत, प्रथम एकमेकांचे पाय धूत, मग साधे जेवण एकत्र घेत, बंधुत्वाचे चुंबन देत आणि शेवटी प्रभुभोजनाची भाकर व प्याला घेत. योहानकृत शुभवर्तमानातील येशूने शिष्यांचे पाय धुण्याचा प्रसंग बहुतेक पंथांत वर्षातून एकदा स्मरला जातो. ब्रेदरन लोकांनी तो विधी प्रत्येक प्रीतिभोजनाचा भाग केला. ज्या समाजात कोणाच्या हातचे पाणी घ्यावे आणि कोणाच्या पायाला हात लावावा हे जातीने ठरत असे, त्या समाजात या विधीचा अर्थ पेन्सिल्व्हेनियात होता त्यापेक्षा कितीतरी जड होता. मंडळीच्या पुढच्या वाटचालीचा निर्णय घेण्यापूर्वी शिक्षक, मजूर आणि मिशनरी यांनी एकमेकांच्या पायांपाशी बसावे, ही अट एखाद्या घटनेत लिहिता येण्यासारखी नाही. तिचे बळ मात्र लिखित नियमाहून अधिक असते.

तिसरे साधन म्हणजे पाळकाचे पाचारण. जुन्या पद्धतीत उमेदवार नसत, नावे सुचवली जात नसत आणि कोणी स्वतःला पुढे करणे हे अपात्रतेचे लक्षण समजले जाई. प्रार्थना झाल्यावर बाहेरगावहून आलेले वडील एका खोलीत बसत, मंडळीतील स्त्रिया व पुरुष एकेक करून आत जात आणि देव कोणाला बोलावीत आहे असे आपल्याला वाटते ते नाव सांगत; वडील ती नावे मोजून निर्णय जाहीर करीत. ज्याचे नाव येई त्याला ते अनेकदा अनपेक्षित असे. श्वार्त्सेनाऊच्या चिठ्ठीचा आत्मा येथे टिकून राहिलेला दिसतो, फक्त चिठ्ठीच्या जागी प्रत्येक सभासदाचा विवेक आला आहे. अमेरिकेत असा निवडलेला सेवेकरी आपली शेती करीत विनावेतन उपदेश करी. भारतात मात्र उपदेशक व शाळामास्तर मिशनच्या पगारावर होते, जागा व इमारती मिशनच्या होत्या, आणि त्यांविषयीचे निर्णय मिशनऱ्यांच्या समितीत होत. परिणामी मंडळीचे शिस्तीचे प्रश्न सभेपुढे आणि पैशाचे प्रश्न समितीपुढे अशी विभागणी झाली. देवाची इच्छा विचारण्याचा अधिकार मंडळीला मिळाला, परंतु त्या इच्छेला लागणारे साधन तिच्या हाती आले नाही. मिशनच्या काळातील हा सर्वात गंभीर दोष होय, आणि पुढील दुफळीची मुळे शोधताना तो विसरून चालत नाही.

या मंडळ्या ज्या लोकांत उभ्या राहिल्या त्यांना देवाला प्रश्न विचारण्याची रीत अपरिचित नव्हती. कोकणात ग्रामदेवतेपुढे कौल लावून पेरणी, सोयरीक किंवा गावकीचा वाद याविषयी उत्तर घेण्याची प्रथा आहे, आणि डहाणू-पालघरच्या वारली पाड्यांवर भगत हा आजार व अरिष्ट यांचे कारण देवाकडून जाणून घेतो. ख्रिस्ती मंडळ्यांनी कौल व भगत दोन्ही निषिद्ध मानले. तरीही ज्या मनाने कौल लावला जातो, त्या मनाला देव बोलतो हे पटवून द्यावे लागत नाही. पटवून द्यावे लागते ते इतकेच की उत्तर तत्काळ होय किंवा नाही असे येत नाही, ते शास्त्र वाचीत, भांडण मिटवीत आणि एकत्र वाट पाहत उमगते. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत ही वाट पाहण्याची भाषा घडवण्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा वाटा फार मोठा आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग व भजनांच्या रूपात जी ख्रिस्ती गीते रचली ती पंथांच्या सीमा ओलांडून ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आली, आणि १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही येशूभक्तांचा बंधुसमाज स्थापण्याचा जो प्रयत्न केला, तो मिशनच्या समितीबाहेर पडून भारतीय मंडळीचा मार्ग शोधण्याचाच प्रयत्न होता. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्यामुळे तो अपुरा राहिला.

ब्रेदरन मंडळ्यांपुढील सर्वात मोठा प्रश्न चर्चच्या ऐक्याचा होता. उत्तर भारतातील प्रोटेस्टंट पंथांनी एक व्हावे यासाठी १९२९ मध्ये लखनौ येथे बोलणी सुरू झाली आणि ती चार दशके चालली. लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन, मेथडिस्ट व प्रेस्बिटेरियन परंपरेचे लोक एका बाजूस, आणि केवळ प्रौढ विश्वासणाऱ्यालाच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्ट, डिसायपल्स व ब्रेदरन दुसऱ्या बाजूस. शिवाय काहींना बिशप हवे होते आणि काहींनी ते कधी पाहिलेही नव्हते. ऐक्ययोजनेने बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य केल्या, आणि निरनिराळ्या पंथांच्या पाळकवर्गाच्या एकीकरणासाठी जो विधी योजला तो मार्गदर्शनाच्या इतिहासात विशेष मोलाचा आहे. सर्व पंथांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या मस्तकी हात ठेवून प्रार्थना करावी, आणि प्रत्येकाच्या सेवेत जे उणे असेल ते देवाने आपल्या ज्ञानाप्रमाणे पूर्ण करावे अशी विनंती करावी, असे त्याचे स्वरूप होते; कोणाच्या दीक्षेत काय उणे आहे हे मात्र मुद्दामच ठरवले नाही. ज्या प्रश्नावर माणसांची संमती अशक्य होती तो त्यांनी उघड्या मनाने देवाच्या स्वाधीन केला. काही टीकाकारांना ही पळवाट वाटली, पण १७०८ मध्ये बाप्तिस्मा देणाऱ्याचे नाव ज्यांनी देवापाशी ठेवले त्यांच्या वारसांना ही भाषा परकी वाटण्याचे कारण नव्हते. १९७० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्ट चर्चने ऐनवेळी माघार घेतली. उरलेल्या सहा चर्चांनी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’, म्हणजे उत्तर भारतीय चर्च, या नावाने ऐक्य घोषित केले, आणि त्यांत भारतातील ब्रेदरन चर्चचा समावेश होता.

ऐक्यानंतर सभेचे रूप बदलले. आता गावची मंडळी पास्टोरेटचा, म्हणजे पाळकाच्या देखरेखीखालील क्षेत्राचा, भाग झाली, पास्टोरेटवर धर्मप्रांतीय परिषद व बिशप आले आणि सर्वांवर दर तीन वर्षांनी भरणारी सिनड ही सर्वोच्च सभा आली. प्रश्न खालून वर जाण्याची वाट कायम राहिली, तथापि ती लांबली. एका दशकाच्या आतच गुजरातमधील ब्रेदरन सभासदांच्या एका गटाने आपण ऐक्याबाहेर असल्याचे सांगून पहिल्या जिल्ह्याचे काम वेगळे चालवण्यास सुरुवात केली, आणि जमिनी व चर्चइमारती कोणाच्या हा वाद न्यायालयात गेला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालील बाबींत दिवाणी न्यायालयाच्या अधिकाराला मर्यादा असल्याचे ठरवले. २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने असा निर्णय दिला की, केवळ ठराव करून नोंदणीकृत संस्थेचे विलीनीकरण होत नाही, कायद्यात सांगितलेली विसर्जनाची रीत पाळली गेली नसल्यामुळे पहिल्या जिल्ह्याची संस्था व तिची मालमत्ता उत्तर भारतीय चर्चमध्ये विलीन झालेली नाही. विश्वस्त कायद्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला. प्रार्थनापूर्वक केलेला ठराव आत्म्याचे मार्गदर्शन होता की नाही हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता आणि असूही शकत नव्हता.

या वादाचे दुःख ब्रेदरन परंपरेच्या चौकटीतच मोजले पाहिजे. करिंथकरांस पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आधारे या पंथाने भावाविरुद्ध न्यायालयात जाणे शतकानुशतके टाळले होते. सेवकाच्या घरभेटीतील दुसरा प्रश्न त्यासाठीच होता. तीन दशकांहून अधिक काळ चाललेल्या खटल्यात दोन्ही बाजूंना प्रामाणिक विश्वासणारे होते. एका बाजूस ख्रिस्ताच्या शरीराची फाळणी संपावी ही देवाची आज्ञा दिसत होती, आणि दुसऱ्या बाजूस ज्या बाप्तिस्म्यासाठी पूर्वजांनी छळ सोसला त्याची राखण ही देवाची आज्ञा दिसत होती. दोन्ही भूमिकांना शास्त्राधार आहे. उणीव राहिली ती संमतीच्या कामात : दोन्ही भाषांतील गावोगावच्या मंडळ्यांनी हा प्रश्न पुरेसा आपला करून घेण्यापूर्वीच तो वरच्या समित्यांत पक्का झाला होता, आणि मालमत्ता मिशनच्या हातून भारतीय मंडळ्यांकडे येण्याची प्रक्रियाही त्याच वर्षांत चालू असल्यामुळे आत्मिक व आर्थिक प्रश्न एकमेकांत मिसळले. अमेरिकेतील मूळ चर्चने पुढे उत्तर भारतीय चर्च आणि भारतातील वेगळे ब्रेदरन चर्च या दोघांशीही नाते मान्य केले.

नागपूरच्या ऐक्याच्या तेरा महिने आधी, ऑक्टोबर १९६९ मध्ये, तारापूर अणुऊर्जा केंद्रातून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली, आणि त्यानंतर बोईसरला लागून औद्योगिक वसाहत वाढली. केरळ, तमिळनाडू, गोवा, छोटा नागपूर आणि वसई अशा ठिकाणांहून आलेल्या ख्रिस्ती कामगारांनी येथे ज्या मंडळ्या उभ्या केल्या त्यांच्यापुढील प्रश्न जुन्या ब्रेदरन ठाण्यांपुढील प्रश्नांहून वेगळे होते : उपासना कोणत्या भाषेत व्हावी, पाळ्यांत काम करणाऱ्यांसाठी ती कोणत्या वेळी ठेवावी, आणि मूळ गावच्या पंथाशी निष्ठा राखायची की शेजाऱ्यासोबत एका चर्चमध्ये बसायचे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, कॅथलिक उपासना लॅटिनऐवजी लोकभाषांत होऊ लागली होती, त्यामुळे भाषेचा प्रश्न कॅथलिक धर्मग्रामांतही (पॅरिशांतही) टाळता येण्यासारखा राहिला नाही. १९८३ च्या कॅनन कायद्याने, अर्थात कॅथलिक चर्चच्या धर्मविधिनियमाने, धर्मग्राम पातळीवर प्रापंचिकांची पाळकीय परिषद नेमण्याची वाट मोकळी केली. या परिषदेचा अधिकार सल्ल्याचा असून निर्णय प्रमुख धर्मगुरूंचा असतो. २२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला, थॉमस डाबरे हे त्याचे पहिले बिशप झाले, आणि पालघर-बोईसरचे कॅथलिक प्रथमच मराठी भाषकांची बहुसंख्या असलेल्या धर्मप्रांतात आले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘सहवाटचाली’विषयीच्या सिनडची, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेची, प्रक्रिया जगभरच्या धर्मप्रांतांत सुरू केली, तेव्हा बिशपांपूर्वी धर्मग्रामांचे ऐकावे असा क्रम घालून देण्यात आला. रोममधील अधिवेशनांत अवलंबलेली संभाषणाची रीत, ज्यात प्रत्येकाने आधी बोलावे, मग शांतता पाळावी, मग दुसऱ्याच्या बोलण्यातून आपल्याला काय स्पर्शून गेले ते सांगावे आणि शेवटी सर्वांना मिळून काय उमगले ते नोंदवावे, ती १५३९ च्या जेझुइट पारखीशी नाते सांगणारी आहे. आणि मंडळीने आधी आपले आपसांत ऐकून घ्यावे, मग निर्णय करावा, हा तिचा क्रम डहाणू-पालघरच्या जुन्या ब्रेदरन सभासदाला सेवकाच्या घरभेटीवरून ओळखता आला असता. २६ ऑक्टोबर २०२४ रोजी सिनडच्या अंतिम दस्तऐवजावर मतदान झाल्यावर पोप फ्रान्सिस यांनी स्वतंत्र पोपपत्र न काढता सभेचाच दस्तऐवज मान्य करून प्रसिद्ध केला, आणि त्याची स्थानिक पातळीवरील अंमलबजावणी वसईसह सर्व धर्मप्रांतांकडे सोपवण्यात आली. तिचा आढावा घेण्यासाठी ऑक्टोबर २०२८ मध्ये रोम येथे सभा भरविण्याचे ठरले आहे.